आण्णांना कोयनानगर बघायचं होतं

मागणी

कराडहून कुटुंबांच्या छोट्या सहली आखून देणं हा माझा व्यवसाय. लोक मागतात कास, ठोसेघर, सज्जनगड, फार तर वासोटा. कोयनानगर मुद्दाम मागणारे थोडे. कुंभार्ली घाटानं चिपळूणला जाताना हेळवाकला चहाला थांबायचं, लांबून धरणाची भिंत बघायची, 'केवढं मोठं आहे हो' म्हणायचं आणि पुढं निघायचं, एवढाच बहुतेकांचा त्या गावाशी संबंध. त्यामुळं दिवाळीनंतरचे दोन दिवस फक्त कोयनानगरसाठी मागणारं हे कुटुंब माझ्या लक्षात राहिलं. त्या सहलीत काय अडलं आणि ते कसं सुटलं, ते सविस्तर लिहितो, कारण अशी मागणी आता वाढणार आहे. प्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेली पिढी निवृत्त झाली आहे आणि तिच्या हातात वेळ आहे.

कुटुंब मूळचं वाळवा तालुक्यातलं. वडील पन्नासच्या दशकात धरणाच्या कामावर वर्कचार्जवर, म्हणजे कामापुरत्या नेमणुकीवर, लागले, पुढं कायम झाले, आणि त्यांची तिन्ही मुलं कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये वाढली. थोरले आण्णा, मधल्या आक्का, धाकटे बापू. आक्का लग्नानंतर सांगलीत, बापू पुण्यात, आण्णा बदल्या भोगून शेवटी इस्लामपुरात. फोन केला तो बापूंच्या मुलानं.

"दादा, आण्णांना क्वार्टर बघायचंय. मला पॉवरहाऊस बघायचंय, मी इलेक्ट्रिकलचा आहे. पोरांना वासोटा. आणि मिसेस म्हणते, टायगर रिझर्व्ह आहे तर सफारी होते का विचारा."

"आणि आक्कांचं काय?"

"आक्का म्हणतात, कुठंही न्या, पण गुडघे धरलेत, चढायला लावू नका."

चार मागण्या आणि एक अट. यातली एकही मागणी चुकीची नव्हती. पण कोयनानगरला जे बघायला माणूस जातो त्यातलं बरंचसं कुलपात आहे, आणि ही कुलपं एकाच्या हातात नाहीत. भिंत आणि वीजघर एकाच्या ताब्यात, जंगल दुसऱ्याच्या, आणि क्वार्टर कुणाच्या हे प्रत्येक रांगेला वेगळं विचारावं लागतं.

गाव वसलं कशासाठी

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या कण्याला समांतर, सरळ दक्षिणेला वाहते. हेळवाकपाशी ती एकदम पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. या वळणामुळंच सगळं घडलं. वळणाच्या अलीकडं नदी अडवली, तर पाणी डोंगराच्या माथ्याजवळ साठतं, आणि पश्चिमेला थोड्याच अंतरावर कोकणाचा कडा तुटलेला आहे. डोंगर पोखरून पाणी त्या बाजूला सोडलं की साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून ते खाली येतं. विजेसाठी यापेक्षा सोयीची जागा महाराष्ट्रात शोधून सापडायची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच टाटांनी इथली पाहणी करून घेतली होती. पुढं मंदीत ते बारगळलं आणि स्वातंत्र्यानंतर सरकारनं काम हातात घेतलं. 1954 च्या सुमारास सुरुवात झाली, 1962 मध्ये वीज निघाली. भिंत 103 मीटर उंच, 800 मीटरहून थोडी जास्त लांब. आज जलाशयाची क्षमता 105.25 टीएमसी. सगळे टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर धरून स्थापित क्षमता 1960 मेगावॅट.

हे आकडे आण्णांना तोंडपाठ होते. आक्कांना वेगळे आकडे पाठ होते. सांगलीत राहणाऱ्या माणसाला कोयना कळते ती पावसाळ्यात, 'दरवाजे किती फुटांनी उचलले' या बातमीतून. जुलै-ऑगस्टमध्ये नवजा, कोयनानगर आणि महाबळेश्वर इथला चोवीस तासांचा पाऊस लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखा एकमेकांना विचारतात, आणि मग सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस फूट धोका. महापुराची वर्षं 2005, 2019, 2021. आक्कांच्या घरात 2019 ला पाणी आलं होतं. "बापाच्या धरणाचं पाणी लेकीच्या घरात आलं," असं त्या गाडीत म्हणाल्या आणि सगळे हसले, त्याही हसल्या.

तर एवढं मोठं काम करायला हजारो माणसं लागली, आणि त्यांच्यासाठी डोंगरात एक गाव उभं राहिलं. क्वार्टरच्या रांगा, शाळा, दवाखाना, वर्कशॉप, बाजार. देशभरातून माणसं आली. आण्णांच्या वर्गात आंध्रातली, केरळातली, पंजाबातली मुलं होती आणि सगळी पाटणी मराठी बोलायची. कंपनीचं गाव म्हटलं की आपल्याकडं किर्लोस्करवाडी आठवते. या कुटुंबालाही ती जवळची. पण तिथं 1910 पासून कारखाना चालतो आहे आणि त्याला कामगार लागतात, म्हणून गाव नांदतं आहे. कोयनानगरचं तसं झालं नाही. धरण चालू, वीजघरं चालू, पाणी अडतंय, वीज जातेय. मात्र चालवायला माणसं लागतात थोडी. बांधायला लागली होती ती गेली. पुढच्या टप्प्यांची कामं घाटाखाली, कोकणातल्या पोफळी-अलोऱ्याकडं सरकली. चौथा टप्पा 1000 मेगावॅटचा. त्यासाठी 13 मार्च 1999 ला आणि पुन्हा 25 एप्रिल 2012 ला जलाशयाच्या तळाला आतून छिद्र पाडायचं लेक टॅपिंग झालं. तेवढ्यापुरती वर्दळ परत आली आणि ओसरली. काम यशस्वी झालं म्हणून ओस पडलेलं हे गाव आहे. बंद गिरणीच्या चाळीत गेल्यावर जी चीड येते ती इथं येत नाही, आणि मग नक्की काय वाटायला हवं हे माणसाला उमगत नाही. आण्णांचं पहिल्या दिवशी असंच झालं.

वासोट्याचा घोळ

आधी सोपं ते. 'वासोटा कोयना अभयारण्यात आहे, कोयनानगर अभयारण्याला लागून आहे, म्हणजे वासोटा कोयनानगरहून करता येईल,' हा हिशेब पुष्कळ लोक करतात. नकाशावर दोन्ही ठिकाणं शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, काठी दिसतात, हे खरं. पण जलाशय पन्नासेक किलोमीटर लांब आहे. कोयनानगर दक्षिण टोकाला, भिंतीपाशी. वासोट्याची लाँच सुटते बामणोलीहून, म्हणजे सातारा गाठून कासमार्गे जायचं. शिवाय सकाळी लवकर लाँच, वनखात्याचं शुल्क आणि नोंदणी, जंगलातली चढण आणि अंधार पडायच्या आत परत. मुक्काम चालत नाही. पावसाळ्यात तर किल्ला बंदच असतो. कोयनानगरच्या दोन दिवसांत वासोटा बसवायचा म्हणजे दोन्हींवर अन्याय. मी पोरांना सरळ नाही म्हणालो आणि बदल्यात पाटणजवळचा दातेगड दिला. तलवारीच्या आकाराची खोल कोरलेली विहीर, खडकातला गणपती, मारुती, आणि चढण थोडी. पोरं खूश झाली. वासोटा त्यांनी नंतर स्वतंत्र केला.

सफारीचंही फोडून सांगितलं. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 चा, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून झालेला, 1165 चौरस किलोमीटरचा. ताडोब्याला जिप्सीत बसून वाघ बघून आलेला माणूस इथं निराश होतो. इथलं जंगल दाट, डोंगर उभे, प्राणी लाजरे. शेकरू दिसेल, धनेश ओरडताना ऐकू येईल, गव्याचा कळप दिसला तर नशीब. अस्वलाची विष्ठा मात्र हमखास. सूनबाईंना हे पटलं. त्यांना खरं तर जंगलात शांत चालायचं होतं, सफारी हा फक्त माहीत असलेला शब्द होता.

क्वार्टर

पहिल्या दिवशी दुपारी कोयनानगरात पोचलो. आधी नेहरू उद्यानात नेलं, कारण तिथून भिंत पूर्ण दिसते आणि आक्कांना बसायला जागा आहे. आण्णांचं भिंतीकडं लक्ष नव्हतं. ते उलट्या बाजूला, वसाहतीच्या उताराकडं बघत होते.

त्यांच्या दृष्टीनं घरं दोन. पहिलं भूकंपाच्या आधीचं, दुसरं नंतरचं. 11 डिसेंबर 1967, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. आण्णा तेव्हा चौथीत. त्याआधीही जमीन हलायची. 1962 पासून, पाणी भरायला लागल्यापासून, हादरे सुरूच होते. 'भांडी वाजली' म्हणायचं आणि परत झोपायचं, असं ते सांगत होते. त्या रात्री भांडी वाजली नाहीत, भिंतच आली. वडिलांनी आक्कांना पायाला धरून ओढलं, आईनं तान्ह्या बापूंना. पुढं किती तरी दिवस थंडीत उघड्यावर. भूकंप 6.3 ते 6.5 तीव्रतेचा. सुमारे 180 माणसं गेली आणि कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. भिंतीला वरच्या भागात भेगा पडल्या. ती नंतर पाठीमागून जाड करून मजबूत केली. जलाशयामुळं चाळवलेल्या भूकंपांत जगातला सर्वांत मोठा म्हणून भूगर्भशास्त्राची पुस्तकं आजही कोयनेचंच नाव घेतात. दख्खनचा खडक स्थिर आहे ही तोवरची समजूत त्या पहाटे गेली आणि देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा नव्यानं काढावा लागला.

आण्णांना शोधायचं होतं ते दुसरं घर, भूकंपानंतर मिळालेलं, ज्यात ते दहावी झाले. त्यांना नंबर आठवत होता. पण भिंतींवरचे नंबर पुसलेले, काही रांगांची छपरं खाली आलेली, अंगणात घाणेरीचं रान. आम्ही नंबरानं शोधत होतो तोवर काही सापडेना. शेवटी आक्कांनीच, गाडीतून न उतरता, काम केलं.

"आण्णा, नंबर सोड. शाळेतनं घरी येताना पाण्याची टाकी कुठल्या हाताला असायची?"

"उजव्या."

"आणि आई हाक मारायची ती वरनं का खालनं?"

"खालनं."

"मग तू वर काय करतोयस? उतर खाली."

खालच्या रांगेत तिसऱ्या दारापाशी आण्णा थांबले. दार बंद नव्हतं. वाळत घातलेली धुणी, ओट्यावर नाचणी, आणि आतून एक बाई बाहेर आली. तिला काय वाटलं असेल ते समजू शकतो: दोन गाड्या, पुण्याच्या नंबरची एक, आणि एक म्हातारा माणूस तिच्या दाराकडं टक लावून. तिचा पहिला प्रश्न होता, "ऑफिसकडनं आलाय का? खोली खाली करायला?"

आण्णांनी हात जोडले. "नाही बाई. आम्ही इथं राहत होतो. लहानपणी."

ती सैल झाली. "मग या की, आत या."

हे कुटुंब दरडग्रस्त. जुलै 2021 च्या त्या दोन दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे, हुंबरळी इथं डोंगर खाली आले, माणसं गाडली गेली, आणि वाचलेल्या अनेकांना कोयनानगरच्या रिकाम्या खोल्यांत आसरा मिळाला. त्या बाईचं गाव मी इथं लिहीत नाही. तिच्या सासऱ्यांनी चहा होईपर्यंत एवढंच सांगितलं, की डोंगर जिथं होता तिथं आता लाल माती आहे, आणि इथं तात्पुरतं म्हणून आलो होतो.

सहल आखणाऱ्याच्या नजरेनं बघितलं तर हा क्षण बिकट होता. आण्णा आठवणी काढायला आले होते, आणि ज्या घरातून आठवणी काढायच्या त्यात दुसऱ्याचा संसार उघडा पडला होता. फोटो काढू का, असं बापूंच्या मुलानं खुणेनं विचारलं. मी मान हलवून नको म्हणालो. आण्णांनी आत पाऊल टाकलं, चुलीची जागा बघितली, खिडकीपाशी क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी एक काम केलं जे मला सुचलं नसतं. पावसाळ्यात कुठल्या कोपऱ्यात पाणी झिरपतं ते त्यांनी त्या सासऱ्यांना विचारलं. तोच कोपरा. मग दोघांचं पत्रा, डांबर आणि पन्हळ यावर बराच वेळ चाललं. माझे वडील तिथं गोणपाट कसं लावायचे, असं आण्णा सांगत होते आणि ते गृहस्थ लक्ष देऊन ऐकत होते.

यावर एक अनुभवाचं मत देतो. रिकाम्या वसाहतीत फिरताना 'ओसाड', 'भुताटकी' असले शब्द वापरणारे गट मी हल्ली घेत नाही. कुलूप दिसलं म्हणजे खोली रिकामी असं नसतं. कोयनानगरात आजही कर्मचारी राहतात, पोलीस राहतात, शाळेत मुलं जातात, आणि कुठल्या तरी रांगेत असं एखादं कुटुंब असतं ज्याला खाकी गाडी दिसली की पोटात गोळा येतो. आधी विचारावं, आत बोलावलं तर जावं, आणि मोबाईल खिशात ठेवावा.

ड्रायव्हरचं गाव

दुसऱ्या दिवशी नवजाकडं निघालो. ओझर्ड्याचा धबधबा कोयनानगरपासून दहाएक किलोमीटरवर. पावसाळ्यात तिथं रविवारी पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीनंतर पाणी कमी, पण गर्दीही नसते, आणि जंगल जंगलासारखं वाटतं. पोरं आणि सूनबाई धबधब्याकडं चालत गेल्या. आण्णा, आक्का, मी आणि आमचा ड्रायव्हर गाडीपाशी थांबलो. ड्रायव्हर पाटणचा, चाळिशीतला, कमी बोलणारा.

आण्णा आदल्या दिवसापासून थोडे उदास होते. काही न विचारता बोलायला लागले: एवढं गाव होतं, गणपतीत मांडव असायचा, सिनेमा दाखवायचे, सगळं गेलं, आता ओळखायला कुणी नाही. ड्रायव्हरनं ऐकून घेतलं आणि समोरच्या पाण्याकडं बोट केलं.

"काका, तुमचं घर पडकं तरी दिसतं. आमचं गाव त्या पाण्यात आहे. आजा सांगायचा, भाताची खाचरं होती, नदीला डोह होता. आम्ही त्याचं काय बघायला जायचं?"

तो चिडून बोलला नाही, पण काही क्षण कुणीच बोललं नाही. मग आक्कांनी विचारलं, "मग कुठं गेला तुम्ही?"

त्याचा आजा वर डोंगराला सरकला. चुलत घराणी रायगडला, सोलापूरला पाठवली. वर सरकलेल्यांना पुढं 1985 मध्ये कळलं की आपण आता अभयारण्यात राहतो. कोयना अभयारण्य 423.55 चौरस किलोमीटरचं. गुरं चारायला अडचण, लाकडाला अडचण, रस्त्याला तर फारच. काही वस्त्या नंतर पुन्हा हलल्या, या वेळी जंगलासाठी. धरणग्रस्तांच्या जमिनीचा प्रश्न अजून पूर्ण मिटलेला नाही. श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली डॉ. भारत पाटणकरांसोबत लोकांनी कोयनानगरात ठिय्या मांडला होता. ड्रायव्हर त्यात बसलेला. आण्णांना हे सगळं वर्तमानपत्रातून माहीत होतं. समोरच्या माणसाकडून ऐकलं नव्हतं.

या प्रकरणाचा गाभा मला इथं दिसतो. पर्यटनाच्या माहितीपत्रकात कोयनानगर म्हणजे दोन वेगळी आकर्षणं असतात: एकीकडं माणसाच्या कर्तबगारीचं धरण, दुसरीकडं माणसाचा हात न लागलेलं जंगल. दुसरी गोष्ट खरी नाही. हे खोरं माणसांनी भरलेलं होतं. नदीकाठी भात, उतारावर नाचणी, वरी, सड्यांवर गुरं. पाण्यानं खोऱ्याचा तळ घेतला, माणसं उठली, पलीकडच्या काठाला जायला लाँचशिवाय मार्ग राहिला नाही, आणि उतारांवर रान वाढत गेलं. जुन्या देवराया आणि उभ्या कड्यांवरचं जंगल आधीही होतं, पण सलग, शांत, वाघाला ठेवता येईल असं अरण्य इथं उरलं त्याला धरण हे मोठं कारण आहे. 2012 मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं तेव्हा कास, चांदोली आणि राधानगरीबरोबर कोयनाही त्यात गेलं. चुली विझलेल्या गावांच्या वरचा हा वारसा आहे. हे सांगून कुणाची सहल बिघडत नाही. उलट धबधब्यावरून परत आलेल्या पोरांनी ड्रायव्हरला जितके प्रश्न विचारले तितके मला दोन दिवसांत विचारले नव्हते. गाव दिसतं का कधी? उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठाकाठानं जुनी जोती, पायऱ्या दिसतात. देऊळ? त्यानं नुसती मान डोलावली.

पॉवरहाऊस न बघता

राहिलं पॉवरहाऊस. भूमिगत वीजघरात किंवा भिंतीच्या माथ्यावर सर्वसामान्य माणसाला असंच जाता येत नाही. सुरक्षेचं कारण आहे आणि ते योग्य आहे. पूर्वी आम्ही शाळेच्या सहलीतून आत गेलो होतो, अशी आठवण साताऱ्या-सांगलीतले पुष्कळ लोक सांगतात आणि त्या भरवशावर येतात. शिक्षणसंस्थेनं रीतसर लेखी परवानगीचा प्रयत्न करणं वेगळं. कुटुंबाच्या सहलीत, ओळखीनं, गेटवर जाऊन विनंती करणं म्हणजे सकाळ घालवणं. मी आधीच सांगितलं होतं. तरी बापूंच्या मुलाचा चेहरा पडला होता.

त्याला मी कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर नेलं. सकाळचं धुकं विरलं होतं. पायाखाली कोकण. मागं वळलं की नुकतंच सोडलेलं कोयनेचं खोरं, जवळजवळ आपल्याच पातळीवर. ती दोन दृश्यं एका जागी उभं राहून बघितली की वीजघर कसं चालतं ते डोळ्यांनी कळतं: पाणी डोंगराच्या पोटातून पलीकडं जातं, खडकात कोरलेल्या उभ्या नळांतून खाली पडतं, पोफळीला जमिनीच्या पोटात टर्बाइन फिरवतं. तिथून सुटलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात पुन्हा अडवतात, अलोऱ्याला त्याच पाण्यावर आणखी 320 मेगावॅट काढतात, आणि मग ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. कृष्णा खोऱ्याचं पाणी, पूर्वेला बंगालच्या उपसागराला जायचं ते. असं पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला 67.5 टीएमसीची मुभा दिली. पाणी साताऱ्याचं, वीजघर रत्नागिरीचं, वीज सगळ्या राज्याची, आणि पुराच्या वेळी सांगलीकर आणि चिपळूणकर दोघांच्याही नजरा एकाच भिंतीकडं.

बापूंच्या मुलानं मोबाईलवर उंचीचे आकडे काढून तिथंच प्रवाह आणि दाबाचा हिशेब मांडला. त्याचं उत्तर माझ्या माहितीच्या जवळपास आलं. तो म्हणाला, आत गेलो असतो तर मशीनचं कव्हर दिसलं असतं, हे दिसलं नसतं. तो मला बरं वाटावं म्हणून बोलला असेल, तरी मला ते पटतं. वीजघराच्या आत सगळं झाकलेलं असतं.

हिशेब

या कुटुंबाच्या मागण्यांपैकी वासोटा, सफारी आणि पॉवरहाऊस, म्हणजे चारातल्या तीन, मी कापल्या. चौथी, क्वार्टर, पूर्ण झाली पण त्यांना वाटली होती तशी नाही. तरीही परतीला गाडीत जे बोलणं चाललं होतं ते ऐकून सहल वाया गेली असं कुणी म्हणणार नाही.

असं कुटुंब आता आलं तर मी काय करतो ते थोडक्यात. फोनवरच विचारतो, क्वार्टर कुठल्या काळातली, भूकंपाआधीची की नंतरची. आधीची असेल तर सांगतो की घर बहुधा मिळणार नाही, जागा मिळेल. नंबरापेक्षा खुणा लिहून आणायला सांगतो: शाळा, टाकी, उतार, कुणाची हाक कुठून यायची. जुने फोटो असतील तर तेही. त्यातल्या डोंगराच्या रेषेवरून रांग ओळखता येते, कारण तेवढीच गोष्ट जागची हललेली नसते. हंगाम दिवाळीनंतरचा, जानेवारीपर्यंत. भर पावसात नवजाचा रस्ता, दरडी आणि गर्दी, यातलं काहीही म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही, आणि धुक्यात धरण फूटभरही दिसत नाही. मुक्काम कोयनानगर-हेळवाक परिसरात, पण औषधं कराड-पाटणहून सोबत. ड्रायव्हर मात्र खोऱ्यातलाच घ्यायचा. पुण्याहून ड्रायव्हरसकट गाडी आणली तर अर्धी सहल हातची जाते.

आण्णांनी त्या दरडग्रस्त कुटुंबाला छपरासाठी काही पैसे देऊ केले होते. सासऱ्यांनी घेतले नाहीत. पुढच्या महिन्यात आण्णांनी इस्लामपूरहून डांबरी कागदाची दोन भेंडोळी आमच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवली, ती मात्र घेतली. ड्रायव्हरचा आणि आण्णांचा आता परस्पर फोन असतो. मे अखेरीस पाणी खाली गेल्यावर त्याच्या गावाची जोती बघायला जायचं दोघांचं ठरलं आहे. पाण्याकाठच्या कुठल्या भागात जायला वनखात्याला विचारावं लागतं, एवढंच त्यांनी मला विचारलं. बाकीचं नियोजन ड्रायव्हरचं आहे.